चौथ्यांदा मोजायचं नाही

आमच्या ताकुआराल गावात एम्पाचो उतरवणाऱ्या बायका तीन. त्यांतली सगळ्यांत लहान मी. सोळा वर्षांची, आणि अजून शाळेत जाते.

एम्पाचो म्हणजे खाल्लेलं अन्न पोटाच्या भिंतीला चिकटून बसणं. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, फक्त सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर साल्सेदोंना नाही. ते राजधानीत शिकले, त्याला कोण काय करणार.

मला ही विद्या आम्हा तिघींतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या दोन्या तोमासाने दिली, यंदाच्या गुड फ्रायडेला सकाळी. मानाच्या बाईला इथे दोन्या म्हणतात. शब्द त्याच दिवशी देता येतात आणि ते कुणाला सांगायचे नसतात, म्हणून इथेही लिहीत नाही. पण फितीचं सांगायला हरकत नाही. लाल साटिनची फीत, तीन हात लांब आणि वर मुठीत धरण्यापुरती थोडी. हात म्हणजे माझा हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. फितीचं एक टोक ज्याचं पोट बिघडलंय त्याने छातीखालच्या खळगीवर मुठीत धरायचं, दुसरं टोक मी धरायचं, आणि फितीवर हात टेकवत, एक, दोन, तीन, असं मोजत त्याच्यापर्यंत यायचं. तिसऱ्या हाताची बोटं बरोबर खळगीवर टेकली तर पोट साफ. छातीवर गेली तर एम्पाचो. गळ्याशी गेली तर जबरी एम्पाचो. मग शब्द पुटपुटायचे. असं तीन दिवस. तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप खाली खळगीवर येतात.

"आणि नाही आली तर चौथ्यांदा मोजायचं?" मी विचारलं होतं.

"चौथ्यांदा मोजायचं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही. तू शब्द घ्यायला आलीयेस की माझ्यावर खटला भरायला?"

त्या दिवसापासून मी बदलले. त्याआधी मी उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते, फळ्यापाशी बोलावलं की कान लालबुंद व्हायचे. आणि आता मोठमोठ्या बायका आमच्या फाटकाशी उभ्या राहून टाळ्या वाजवून विचारायच्या, "ब्रिसा आहे का घरी?" आईला नाही, मला. आईला मजा वाटायची. शिवणयंत्रावरून मान न उचलता ती ओरडायची, "दोन्या ब्रिसा, तुमचे पेशंट आलेत. आणि आधी भांडी घासा."

माझी आई निल्दा, वय एकोणपन्नास. शाळेचे पांढरे झगे, कार्निव्हलचे टिकल्यांचे पोशाख, नवरीचे कपडे, गावातलं सगळं तिच्या सुईखालून जातं. बाबा नदीवर वाळूच्या बोटीवर असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात.

नऊ जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी, आईने नेहमीप्रमाणे मोठ्या हंड्यात लोक्रो शिजवला. मका, भोपळा, डुकराचं मांस, पहाटेपासून रटरटत होता. पाहुण्यांसह सगळे जेवायला बसले. आईने दोन चमचे खाल्ले आणि ताट सरकवलं.

"झालं?" बाबा म्हणाले.

"शिजवता शिजवता वासानेच पोट भरलं."

बाबांना ते पटलं. मलाही पटलं असतं, पण मी आता सामान्य माणूस राहिले नव्हते. मी विचारलं, "आई, फुगल्यासारखं वाटतंय का?"

"वाटतंय की. मे महिन्यापासून वाटतंय. आणि सारखं लघवीला जावंसं वाटतं, ते थंडीमुळे."

मी फीत आणली. पाहुण्यांसमोर, खरं सांगायचं तर थोडं दाखवण्यासाठीच. तिसऱ्या हाताची बोटं आईच्या गळ्याशी गेली. बाबांनी चमचा खाली ठेवला. मी अगदी दोन्या तोमासासारखा आवाज काढून म्हटलं, "जबरी आहे."

तीन दिवस मोजलं. तिसऱ्या दिवशी बोटं बरोबर खळगीवर. आई म्हणाली, "हलकं वाटतंय गं." मी रात्री झोपताना हसत होते.

आठवड्याने ती पुन्हा दोन घासांवर थांबली. मी पुन्हा फीत काढली. हा नवा एम्पाचो आहे, म्हणून हे चौथ्यांदा नाही, पहिल्यांदाच आहे, असं मी स्वतःला समजावलं. पुन्हा तीन दिवस, पुन्हा बोटं खळगीवर. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी आई म्हणायची, "हलकं वाटतंय," आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.

मध्येच एकदा ती आपली आपण डॉक्टर साल्सेदोंकडेही जाऊन आली. त्यांनी पाच मिनिटांत गॅसचे थेंब लिहून दिले आणि पाळी जायचं वय आहे म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी जीवशास्त्राच्या तासाला विल्याल्बा बाईंनी फळ्यावर गर्भाशय काढलं, त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं. मागच्या बाकावर हशा पिकला. बाई म्हणाल्या, "हसून घ्या. आणि मग हे लिहून घ्या, कारण तुमच्या आयांना हे कुणी सांगणार नाही. ह्या बदामात कॅन्सर झाला तर तो ओरडत नाही. तो म्हणतो, पोट फुगलंय. म्हणतो, दोन घासांत भरलं. ओटीपोटात दुखतंय, सारखं लघवीला लागतंय. बायका म्हणतात गॅस, म्हणतात वय. बहुतेक वेळा असतंही तसंच काहीतरी साधं. पण आधी कधी नव्हतं, आता नव्याने सुरू झालंय आणि महिन्यातले निम्मे दिवस होतंय, तर सोनोग्राफी मागायची. पॅप टेस्ट चांगली आली म्हणून गप्प बसायचं नाही, पॅपमध्ये गर्भाशयाचं तोंड तपासतात, हे बदाम नाही. आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर ते नाही कागदावर लिहून मागायचं."

माझी पेन्सिल पहिल्याच शब्दावर थांबली होती.

घरी आले तेव्हा आई बाहेर गेली होती. तिचा तपकिरी स्कर्ट यंत्रावर उलटा पडला होता. मी शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी आहे, शिवण उसवली की जुन्या सुईची भोकं कापडावर राहतात हे मला कळतं. कमरेशी भोकांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्या बाहेर तिसरी, ताजी शिवण. म्हणजे तिने स्कर्ट दोनदा सैल केला होता. शेजारी तिचंच ब्लाउज होतं, ते मात्र दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं.

आई आली. मी बाईंचं सगळं एका दमात सांगितलं.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "कालपर्यंत एम्पाचो होता, आज कॅन्सर. उद्या भूगोलाचा तास असेल तर माझ्या पोटात ज्वालामुखी निघेल."

"आई, परवा गुरुवार आहे. सोनोग्राफीची डॉक्टरीण येते."

"एका तासाला ऐकून डॉक्टरकडे नाचत जायचं? लोक हसतील."

"आणि आजी?"

तिने यंत्रावरचा स्कर्ट उचलून घडी घातली. माझी आजी, आईची आई, एकावन्नाव्या वर्षी गेली. पोट ढोलासारखं झालं होतं. 'जुना एम्पाचो, वेळेवर उतरवला नाही,' असं आमच्याकडे सांगतात. मी लहानपणापासून तेच ऐकत आले होते, आणि म्हणून तर मला ही विद्या हवी होती.

"दोन्या तोमासाकडे चल," शेवटी मी म्हटलं. "ती म्हणाली एम्पाचो आहे, तर मी गप्प बसेन."

एवढ्याला ती तयार झाली.

दोन्या तोमासा अंगणात उन्हाला बसून माते, आमच्याकडचा कडू चहा, पीत होती. वय ब्याऐंशी, डोळे माझ्यापेक्षा तीक्ष्ण. तिने काही विचारलं नाही. स्वतःची फीत काढली, ती इतकी जुनी आहे की लाल आहे हे ऐकून मानायचं. आईने टोक खळगीवर धरलं. एक हात, दोन हात. तिसऱ्या हाताला दोन्या तोमासा मध्येच थांबली.

"मूठ उघड, निल्दा."

"काय?"

"मूठ उघड म्हणते."

आईने उघडली. तिच्या मुठीत चार बोटं फीत दुमडलेली होती. अर्धी अजून आत, अर्धी बाहेर सरकलेली. इतकी नीट घडी, कापडाच्या कामात आयुष्य गेलेल्या बाईचीच असू शकते. माझं कोपर पुढे सरकायचं तशी ती हळूच फीत सोडत असणार, म्हणजे फीत लांब होऊन माझी बोटं बरोबर खळगीवर टेकतील.

"प्रत्येक वेळी?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी नाही," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तू किती खूश होतीस. वर्षानुवर्षं घुम्यासारखी बसणारी मुलगी, एकदम बोलायला लागली. मी कशाला तुझा हात खोटा पाडू?"

मला रडू आलं आणि रागही इतका आला की दोन्ही एकाच वेळी करता येईनात.

दोन्या तोमासाने फीत बोटाला गुंडाळली. "तू विचारलं होतंस ना पोरी, चौथ्यांदा का नाही म्हणून. हिच्या आईला मी पाच वेळा मोजलं. पाच वेळा, पंधरा दिवस. दर वेळी वाटायचं, आता उतरेल, माझ्या हाताला यश आहे. ती मात्र वाळत गेली आणि पोट वाढत गेलं. तिला पुरून आले आणि तेव्हापासून हा नियम मी केलाय. आधी नव्हता." तिने मातेचा घोट घेतला. तो थंड झाला असावा, कारण तिने तोंड वाकडं केलं. "तीनदा मोजून जे उतरत नाही ते एम्पाचो नव्हे. ते माझ्याकडचं नव्हे. जा."

गुरुवारी मी शाळा बुडवली. सोनोग्राफीची डॉक्टरीण महिन्यातून एकदाच येते, शेवटच्या गुरुवारी, आणि तीनच्या तराफ्याने नदीपलीकडे परत जाते. तराफा गेला की मग एक महिना.

खिडकीत नर्स रोसाउरा होती. "यादी भरली. वीस नावं. आणि चिठ्ठी कुठाय?"

"चिठ्ठी डॉक्टर साल्सेदो देतील."

"मग आधी त्यांच्याकडे नंबर लाव. बसा तिकडे."

साडेअकरा वाजले होते. आमच्या पुढे नऊ जण. बारा वाजले. साडेबारा. एक म्हातारा आत गेला तो पंचवीस मिनिटं बाहेर आला नाही, आतून हसण्याचे आवाज येत होते, बहुतेक मासेमारीच्या गप्पा. आई दोनदा लघवीला जाऊन आली. तिसऱ्यांदा उठताना म्हणाली, "मोजू नकोस."

आमचा नंबर आला तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"या निल्दाबाई. थेंब घेताय ना?"

"घेते डॉक्टर."

"मग कसं वाटतंय?"

"बरंय आता थोडं," माझी आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. पुन्हा तीच मूठ.

"बरं नाहीये," मी म्हटलं. "आम्हाला सोनोग्राफीची चिठ्ठी हवीय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू ती फितीवाली ना? माझे पेशंट पळवणारी? काय झालं, फीत तुटली?"

"फीत म्हणते हे आमच्याकडचं नाही. म्हणून तुमच्याकडे आलो."

ते हसले. मी पिशवीतून स्कर्ट काढून त्यांच्या टेबलावर उलटा पसरला, रक्तदाबाच्या यंत्राच्या वरच. आई हळूच म्हणाली, "ब्रिसा, अगं."

"ही मेमधली शिवण. ही भोकं दिसतात ना, ही. ही जुलैमधली. आणि ही आत्ताची. आणि हे ब्लाउज, हे त्याच तीन महिन्यांत आत घेतलंय. दंड वाळतायत आणि पोट वाढतंय. दोन घासांत पोट भरतं, रोज. लघवीला सारखं जाते, आत्ता बाहेर बसून तीनदा गेली. मेच्या आधी यातलं काही नव्हतं. आणि तिची आई एकावन्नाव्या वर्षी पोट फुगून गेली."

"पॅप टेस्ट केली होती का?"

"एप्रिलमध्ये. चांगली आली. पण पॅपमध्ये अंडाशय दिसत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ मुली. ह्या वयात दहातल्या नऊ बायकांना असं फुगतं. मी सगळ्यांना आत पाठवलं तर त्या बाईंना इथेच घर बांधावं लागेल. आजची यादी भरलीये. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढचा महिना म्हणजे अजून एक शिवण."

भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते. माझे कान, मला माहीत होतं, लालबुंद झाले होते. पण हात वर केल्यावर आता खाली कसा घेणार.

"मग केसपेपरवर तसं लिहा डॉक्टर. पेशंट निल्दा, वय एकोणपन्नास, अशी अशी लक्षणं, मुलीने सोनोग्राफी मागितली, मी नाही म्हटलं. खाली सही आणि तारीख. त्याची एक नक्कल द्या, आम्ही जातो."

टेबलाखाली आईने माझ्या पायावर पाय दाबला. मला वाटलं, गप्प बस म्हणतेय. पण ती डॉक्टरांकडे बघत होती.

"मी थेंब घेत नाही," ती म्हणाली. "पहिले आठ दिवस घेतले, मग मोरीत ओतले. डॉक्टर, इथे खाली, डावीकडे, दुखतं. यंत्राचं पायडल मारताना दुखतं. कुशीवर वळता येत नाही. आणि मला भीती वाटते." मग जरा थांबून, "माझी आई अशीच सुरू झाली होती."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुखण्याचं तर अजिबात नाही.

डॉक्टर साल्सेदोंनी तिला तपासायच्या पलंगावर झोपायला सांगितलं. डाव्या बाजूला हात दाबून ठेवला, बराच वेळ. मग टेबलाशी येऊन चिठ्ठी लिहिली आणि एका शब्दाखाली दोन रेघा मारल्या. तो शब्द होता 'आजच'.

मी पळाले. सोनोग्राफीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि डॉक्टर किरोगा कोट चढवत होत्या. दोन वाजून वीस मिनिटं.

"यादी संपली गं. तराफा माझ्यासाठी थांबत नाही."

मी चिठ्ठी पुढे धरली. त्यांनी वाचली, दोन रेघांशी थांबल्या. मागून डॉक्टर साल्सेदो स्वतः आले होते. त्यांनी फक्त मान हलवली.

"रोसाउरा," डॉक्टर किरोगांनी कोट पुन्हा खुंटीला लावला, "तराफेवाल्याला फोन कर. म्हणावं, दहा मिनिटं थांबलास तर तुझ्या बायकोची पुढची तपासणी पहिल्या नंबरावर. बाई, लघवी साठलीये ना?"

"ती नेहमीच साठलेली वाटते," आई म्हणाली.

मला आत येऊ दिलं. आईच्या पोटावर जेल लावलं, ती शहारली. डॉक्टर किरोगा बोलत होत्या, रस्ता किती खराब आहे, तराफ्यावर चिपा विकणारा हल्ली पाव किती लहान करतो. बोलता बोलता त्या थांबल्या.

पडद्यावर करडं वादळ होतं. त्यांनी एका जागी खूण केली, दुसऱ्या जागी केली, मध्ये ठिपक्यांची रेघ आली. त्यांनी मोजलं. मग आडवं मोजलं. मग यंत्र वळवून आतल्या दिशेने मोजलं. मी नकळत मोजत होते. तीनदा. चौथ्यांदा त्यांनी मोजलं नाही.

"हे गॅस नाहीत," त्या म्हणाल्या.

तराफा तीन वाजून वीस मिनिटांनी सुटला. त्यांच्या पिशवीत आईचं नाव, मापं आणि मोठ्या शहरातल्या सर्जनसाठीची चिठ्ठी होती.

पुढचे अकरा दिवस मला नीट आठवत नाहीत. रक्ततपासणी, बस, रांगा, बाबांची वाळूची बोट सोडून आलेली मळकी पॅंट. ऑपरेशनला चार तास लागले. गाठ चौदा सेंटिमीटर. ती कॅन्सरचीच निघाली. तपासणीचा कागद यायला आणखी दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत मी कुणाचंही पोट मोजलं नाही. फाटकाशी टाळ्या वाजायच्या, मी बाहेर जायचे नाही.

मग सर्जनबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, "गाठ अंडाशयाच्या आतच होती. फुटलेली नाही, बाहेर कुठे गेलेली नाही. औषधाचे काही डोस घ्यावे लागतील, आणि नंतर बरीच वर्षं तपासण्या. सगळं संपलं असं मी म्हणत नाही. पण बहुतेक बायका माझ्याकडे येतात तेव्हा ती बाहेर पडून गावभर फिरून आलेली असते. तुम्हाला लवकर कुणी पाठवलं?"

आई म्हणाली, "एका फितीने."

सर्जनबाईंना वाटलं, दुखण्याच्या गोळ्यांची गुंगी असावी.

ऑक्टोबरमध्ये, पहिल्या डोसानंतर दहाव्या दिवशी, दोन्या तोमासा आमच्याकडे आली. पातेल्यात कोंबडीचं दाट सार होतं, मक्याच्या पिठाचे गोळे घातलेलं. आईच्या डोक्यावर तिनेच शिवलेली टोपी होती, कुणाच्या तरी नवरीच्या झग्याच्या अस्तराची. मी ताट वाढलं आणि आईसमोर ठेवलं.

तिने एक घास घेतला. मग दुसरा. चमचा ताटात ठेवला आणि पाणी प्यायली.

मी दोन्या तोमासाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करत होती.

आईने चमचा उचलला. तिसरा.

"काय गं दोघी?" ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "मोजताय का?"

"कोण मोजतंय," दोन्या तोमासा म्हणाली. "खा तू."

आईने एक गोळा चमच्याने मधोमध कापला, फुंकर मारली, आणि चौथा घास घेतला.